पाचवा बार

एकदा एक म्हातारा होता, विहिरी फोडणारा. चाळीस वर्षं त्यानं खडकात सुरुंगाचे बार उडवले, तरी हाताची दहाच्या दहा बोटं जागेवर. या धंद्यात यापेक्षा मोठी पदवी नाही. नाव तिमण्णा, पण सगळे आण्णा म्हणायचे. त्याच्याकडे मल्लू नावाचा गडी काम शिकत होता. हुशार होता, पण तोंड असं की कावळ्याला वाटावं, आपण बरं गोड बोलतो.

त्या दिवशी विहिरीच्या तळाला पाच बार भरले, वाती पेटवल्या आणि सगळे लांब बांधाआड बसले. बार उडताना मोजायचे असतात. पाच भरले तर पाच वाजले पाहिजेत. एखादा मागं राहिला तर तो कधीही उडतो, आणि खाली माणूस आहे का ते काही बघत नाही.

धडाधड वाजले. मल्लू म्हणाला चार. सिद्राम म्हणाला पाच. हा सिद्राम टोळीतला सगळ्यात दांडगा, दगड वर काढणारा. मल्लूनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, पाचापर्यंत मोजता तरी येतं का? लोक फिदीफिदी हसले.

झालं. सिद्राम तडक उठला, विहिरीत दोराची शिडी सोडली आणि उतरायला लागला. म्हणे, दाखवतोच आता. मल्लू मागून ओरडत होता, मूर्खा, मरशील. तो जेवढा ओरडायचा तेवढा सिद्राम आणखी एक पायरी खाली.

आण्णानं मल्लूला हातानंच गप्प केलं आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसला, पाय आत सोडून.

"सिद्राम, मला चार वाटले. पण दोन बार एका दमात उडाले तर चारच वाटतात. तुझंही खरं असेल. तू उतरलास तर तुझ्यामागं मीही येतो. फक्त चौथा नि पाचवा कसा वाजला, तेवढं सांग."

मल्लूच्या अंगाची आग झाली. माणूस मरायला निघालाय, म्हातारा त्याला खरं म्हणतोय, वर स्वतःही जायला बसलाय.

सिद्राम थांबला. सांगायला लागला, पहिला असा, दुसरा तसा. चौथ्यापाशी अडला. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथंच अडला. मग वर बघत हळूच म्हणाला, "आण्णा, शेवटचा म्हणजे दगड पडल्याचा आवाज असंल."

आण्णानं हात दिला. दोघं बांधाआड पोचतात न पोचतात तोच पाचवा उडाला. शिडीचे तुकडे वर आले.

मग मल्लूनं तोंड उघडलंच, मी आधीपासून हेच सांगत होतो म्हणून.

"बरोबरच होतास," आण्णा म्हणाला. "पण त्याला मागं फिरायला जागा कुठं ठेवलीस? चार माणसांत हसं झालेला गडी मरण पत्करतो, माघार नाही. तू बरोबर असून त्याला खाली ढकलत होतास. मी त्याला वर यायला वाट दिली, एवढंच."



दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच बार उडाले. मल्लूनं मोजले, पाच. अगदी पक्के पाच. तरी तो विहिरीकडे निघाला नाही. सिद्रामजवळ सरकला आणि म्हणाला, "दादा, तुला किती ऐकू आले?"