जैतायने ओलांडलेला दोर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सांगताना मला दर वेळी राग येतो, तेव्हा मध्येच आवाज चढला तर समजून घ्या.

तेव्हा दर्यावर सगळ्यांचंच राज्य होतं. किल्ल्याकिल्ल्यांची आरमारं होती, फिरंगी होते, टोपीकर होते, आणि एकमेकांची गलबतं बुडवणं हा सगळ्यांचा उद्योग होता. तोफांतून वाचलेली वादळात बुडत. मोठं जहाज बुडालं की त्यावर तोफा किती होत्या, मिरी किती होती, रेशीम किती होतं, हे कुणीतरी लिहून ठेवी. खलाशी किती होते ते लिहायला कुणाला सवड झाली नाही. आणि लहान बंदरातलं लहान गलबत बुडालं तर तेवढंही नाही. गावातल्या बायका रडत आणि पुन्हा चुलीपाशी बसत.

असंच एक लहान बंदर म्हणजे आमचं शिरवेळ. तिथे भानशेट नावाचा नाखवा होता. नाखवा म्हणजे गलबताचा धनी. भानशेट स्वतः कधी खाडीच्या तोंडापुढे गेला नव्हता. पाण्यावर गेलं की पोटात ढवळतं म्हणायचा. पण त्याची गलबतं मलबारापर्यंत जात, आणि त्यांवर शिरवेळची माणसं जात.

गलबताचा जीव असतो नांगराच्या दोरात. वारा खवळला की गलबत नांगर टाकून उभं राहतं. दोराने धरलं तर माणसं घरी येतात. म्हणून काथ्याचा हा दोर दरवर्षी नवा वळून घ्यायची रीत होती. भानशेट जुन्याच दोराला उंडीचं तेल फासायचा. वरून काळाभोर, चकचकीत दिसायचा. आत काय होतं ते तेल फासणाऱ्यालाच माहीत.

त्याच्या गलबतावर रवळू नावाचा खलाशी होता, आणि जैताय ही रवळूची बायको. वैशाख सरत आला होता. बाकीच्यांनी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या होत्या. भानशेटला मात्र अजून एक खेप हवी होती. निघण्याच्या घाईत रवळू जेवण घरीच विसरला, तेव्हा जैताय भाकरी आणि सुकट फडक्यात बांधून पुळणीवर धावत आली. वाटेत नांगराचा दोर आडवा पडला होता. तिने तो ओलांडला आणि नवऱ्याच्या हातात शिदोरी दिली.

आता हे ऐका. बाईने जाळं ओलांडू नये, वल्हं ओलांडू नये, दोर तर मुळीच ओलांडू नये, नाहीतर दर्या कोपतो, असा तेव्हा समज होता. चार जणांनी तिला ओलांडताना पाहिलं, भानशेटनेही पाहिलं. कुणी बोललं नाही, कारण तोवर काही बिघडलं नव्हतं.

गलबत परत आलं ते वादळ पाठीवर घेऊनच. भर दुपारी खाडीच्या तोंडाशी त्याने नांगर टाकला. सगळं गाव पुळणीवर उभं होतं. गलबतावरचे चेहरे ओळखू येत होते इतकं ते जवळ होतं. मग दोर तुटला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गलबत काळ्या खडकावर गेलं आणि फुटलं. जिवंत कुणी आला नाही. काहींची प्रेतं लागली. रवळूचं लागलंच नाही.

फळ्यांबरोबर दोराचा तुकडाही किनाऱ्याला आला होता. कुणीही उचलून पाहिला असता. पण त्याआधीच भानशेट देवळाच्या अंगणात उभा राहिला आणि गळा काढून म्हणाला, "बाईमाणसान दोर ओलांडलो. दर्याक विटाळ झालो. त्याका मी काय करतलंय?"

झालं. खापर फोडायला डोकं सापडलं. ज्या चौघांनी पाहिलं होतं त्यांना आता वाचा फुटली. विहिरीवर जैतायची घागर मागे सारली जाऊ लागली. तिला कुणी विस्तव देईना. जिचे दोन लेक त्या गलबतावर गेले होते ती सुंदराय तर तिच्या अंगणात थुंकून जायची. दर्यालाही सोडलं नाही लोकांनी. दर्या पापी, दर्या खादाड, दर्याला माणसाचं रक्त लागतं! अरे, दर्याने काय केलं? वारा आला की लाटा येणार, हे तर जन्मलेल्या पोरालाही कळतं. दर्याने कुणाला फसवलं नव्हतं. फसवणारा देवळात सगळ्यांपुढे उभा राहून डोळे पुसत होता आणि लोक त्याला पाणी आणून देत होते.

आणि सगळ्यांत वाईट काय, तर जैतायलाही ते पटलं. आपणच आपला नवरा मारला, असं तिला वाटू लागलं. सुंभाचा तुकडा दिसला तरी ती लांबून वळसा घालायची. जेवायची नाही, बोलायची नाही. तिचं म्हणून एकच माणूस उरलं होतं, तिचा धाकटा भाऊ भिवा. तोही खलाशीच. नारळी पौर्णिमेला भानशेटचं दुसरं गलबत निघायचं होतं आणि भिवा त्यावर जाणार होता.

आषाढात एक दिवस उघडीप मिळाली. भानशेटने त्या गलबताचा दोर पुळणीवर वाळत घातला. जैताय शिंपल्या वेचून येत होती. दोर पाहून ती थबकली आणि वळसा घालायला निघाली, पण भरती चढली होती आणि जायला जागा नव्हती. ओलांडायचा तर धीर होईना. म्हणून ती खाली बसली आणि दोर हाताने उचलून त्याच्याखालून जाऊ लागली. तेवढ्यात दोराचा पीळ भिजल्या भाकरीसारखा तिच्या बोटांत तुटून आला.

ती तिथेच बसून राहिली. वरचं तेल खरवडलं तर आत काळी भुकटी. हा दोर तिने ओलांडला नव्हता. कुठल्याच बाईने ओलांडला नव्हता. मग हा कुणाच्या पायाने कुजला? असं म्हणतात की तेव्हा तिने जी किंकाळी फोडली, तिने काळ्या खडकावरचे सगळे पक्षी उडाले आणि ती तीन गावांत ऐकू गेली. मला विचाराल तर किंकाळी फोडायची पाळी तिच्यावर आणली कुणी, ते आधी बोला.

घरी येऊन तिने भावाला सांगितलं, "भिवा, त्या दोरार तू जाव नको."

भिवा खाली मान घालून म्हणाला, "नाय गेलंय तर खातलव काय, बाय?"

जैताय उठून खाडीवर गेली. तिथल्या चिखलात दगडांखाली तिने नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, वर्षभर कुजवत ठेवली होती. ती तिने वर काढली, मोगरीने बडवली, काथ्या मोकळा केला आणि दोर वळायला बसली. मनगटाएवढा जाड दोर वळायला घरभर माणसं लागतात. तिच्या अंगणात कुणी पाऊल टाकलं नाही. असं म्हणतात की त्या पावसाळ्यात सगळीकडे धो धो कोसळायचा, पण तिच्या अंगणात थेंब पडत नसे, आणि तिने वळलेला दोर सकाळी पाहावा तर हातभर वाढलेला असे. बुडालेले खलाशी येऊन पीळ देत, असं लोक कौतुकाने सांगतात. मला ते कौतुक सोसत नाही. मेलेल्यांना कशाला राबवता? जिवंत शेजारणी कुठे होत्या?

नारळी पौर्णिमा आली. गाव पुळणीवर जमलं. भानशेट सोन्याचा पत्रा मढवलेला नारळ घेऊन आला, मागे वाजंत्री. तेवढ्यात जैताय आली. कमरेला दोर बांधून तो फरफटत ओढत होती. लोक कुजबुजत मागे सरले. तिने दोर वाळूत आडवा टाकला, सगळ्यांसमोर ओलांडला, आणि परत फिरून पुन्हा ओलांडला.

"होय, मीया दोर ओलांडलंय," ती म्हणाली. "तेवाय ओलांडलंय, आतापण ओलांडलंय. आता बघा तुटता काय तो."

पुळणीच्या टोकाला कडा आहे आणि कड्यावर उंडीचं झाड. तिने दोराचं एक टोक उंडीला बांधलं, दुसऱ्या टोकाचा फास करून त्यात बसली आणि भिवाला म्हणाली, "सोड." भिवाने रडत रडत सोडलं. खाली खडक, खडकांवर फुटणाऱ्या लाटा, आणि मध्ये वाऱ्यावर झुलणारी ती. असं म्हणतात की भरती चढली, लाट वर येऊन तिच्या पायांना लागली आणि उतरून गेली, मग ओहोटी लागली, तरी ती तशीच बसून होती. दर्याने तिचे पाय धुतले असं म्हणतात. दर्याला तरी कळलं होतं.

तिला वर घेतलं तेव्हा दोराचा एक धागासुद्धा सुटला नव्हता. ती भानशेटसमोर जाऊन उभी राहिली.

"आता तुमचो दोर बांधा, शेट. त्याका बाईचो पाय लागूक नाय. बसा."

भानशेट हसला. चारचौघांकडे पाहून म्हणाला, "मी काय खलाशी आसंय? भिवाक बसव. जातलो तो मां?"

"दर्यात तेच बसतत," जैताय म्हणाली. "हय तरी तुमी बसा."

वाजंत्री थांबली होती. भानशेटने आपल्या दोराकडे पाहिलं. मग कड्याकडे पाहिलं. मग पुन्हा दोराकडे. आणि सगळं गाव भानशेटकडे पाहत होतं. त्याने एक पाऊल पुढे टाकलं नाही.

खलाशांनी मग त्याच्या दोराला एक धोंडा बांधला आणि कड्यावरून सोडला. धोंडा अर्ध्यावरही पोचला नसेल, दोर तुटला. खाली पडल्याचा आवाज प्रत्येकाच्या छातीत गेला, कारण सगळ्यांना ती दुपार आठवली.

मग बायकांतून सुंदराय पुढे आली. जैतायच्या दोरापाशी आली. तोंडावर पदर नाही, डोळ्यांत पाणी नाही.

"बाजूक हो गो," ती म्हणाली. "माका ओलांडूक दी."

ती दोर ओलांडून गेली. तिच्यामागून दुसरी गेली, तिसरी गेली. शिरवेळच्या सगळ्या बाया, म्हाताऱ्या, पोटुशा, काखेत पोर असलेल्या, एकामागून एक दोर ओलांडून गेल्या. तोच दोर मग गलबतावर चढला आणि भिवा त्या गलबतावर गेला.

आश्विनात तुफान आलं. भिवाचं गलबत त्याच खाडीच्या तोंडाशी, त्याच जागी अडकलं. गाव पुन्हा पुळणीवर. दोर ताणून ताणून सुतळीएवढा बारीक झाला, पण तुटला नाही. असं म्हणतात की जैताय पुळणीवर मुठी आवळून उभी होती, आणि तिच्या मुठींतून रक्त गळत होतं. दोर तर तिथे समुद्रात होता. वारा पडल्यावर तिने मुठी उघडल्या तेव्हा तळहात काथ्याने सोलून निघावेत तसे सोलले होते. भिवा पोहत किनाऱ्याला आला आणि त्याने पहिल्यांदा ते हात आपल्या हातांत घेतले. बाकीचे खलाशी आपापल्या घरी गेले. त्या दिवशी शिरवेळात कुणी रडलं नाही.

भानशेटचं काय झालं, असं मुलं नेहमी विचारतात. त्यांना वाटतं त्याला मगरीने खाल्लं असेल, निदान वीज तरी पडली असेल. काही झालं नाही. म्हातारा होऊन गादीवर मेला. देवळापुढच्या दीपमाळेवर त्याचं नाव कोरलेलं आहे, जाऊन बघा. जैतायचं नाव कुठल्याच दगडावर नाही. ती कधी गेली हेही कुणाला माहीत नाही.

पण दरवर्षी नारळी पौर्णिमेला शिरवेळच्या पुळणीवर प्रत्येक होडीचा दोर आडवा घालतात आणि गावच्या बाया तो ओलांडतात. ज्यांची माणसं दर्यात गेली त्या आधी ओलांडतात. मग दोर कड्यावरच्या उंडीला बांधतात आणि होडीचा धनी फासात बसतो. त्याला जैतायची बैठक म्हणतात. दोर आता नायलॉनचे आहेत, होड्यांना इंजिनं आहेत, पण धन्याला बसावं लागतं. धनी बसल्याशिवाय खलाशी होडीला हात लावत नाहीत.

मागे एकदा बाहेरगावच्या एका मालकाने नवी ट्रॉलर आणली. बैठकीच्या वेळी तो मोबाइलवर बोलत बाजूला उभा राहिला आणि आपल्या जागी त्याने ट्रॉलरच्या राखणदाराला पुढे केलं. राखणदार बिचारा चप्पल काढून फासाकडे निघालासुद्धा. बायांनी त्याचा हात धरून त्याला मागे आणलं, सावलीत बसवलं, खोबरं दिलं. मालकाला त्या एवढंच म्हणाल्या, "बसा." मालकाने कायदा काढला, विमा काढला, आवाज काढला. बाया उभ्याच राहिल्या. शेवटी तो गाडीत बसून निघून गेला. ट्रॉलर पुळणीवरच राहिली, आणि त्या दिवशी तिच्यावरचे सगळे खलाशी दुपारी आपापल्या घरी जेवायला होते.