दोन घोटांचा प्याला

गोदाकाठच्या पानसडे गावी बिशप हॅरल्डसाहेब मुक्कामाला आले, तेव्हाची ही गोष्ट. साहेबांचा धर्मप्रांत केवढा मोठा, पण माणूस अगदी एकटा! पत्नी पटकीने गेल्यापासून जेवताना समोरची खुर्ची रिकामीच असे.

त्या गावच्या ख्रिस्ती देवळाबाहेर, खिडकीखाली, भिवराबाई दर रविवारी बसे. मिशनच्या दवाखान्यात तिचा महारोग बरा झाला होता. पण बोटे झडली ती झडलीच, आणि माणसेही तशीच झडली. मरण्यापूर्वी एकदा प्रभुभोजन घ्यावे, सर्वांच्या प्याल्याला ओठ लावावा, एवढीच तिची आस होती.

त्या रविवारी उपासनेला मंडळी जमली, तेव्हा साहेबांनी तिला हात धरून आत आणले. मंडळीचे पंच एलियाबापू मोठ्याने हसले.

"या राणीसाहेब! साहेब, हिला प्याला दिलात तर आम्ही कुणीच तोंड लावणार न्हाई."

साहेब म्हणाले, "बापू, इथे यजमान प्रभू आहे. तुम्ही आम्ही सारे पाहुणेच."

बापू ताडकन उठले आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांच्या शब्दापुढे जायची कुणाची टाप? बघता बघता सारे देऊळ ओस पडले.

भिवराबाई रडू लागली. "माझ्यापायी झालं, साहेब. म्या जाते."

साहेब म्हणाले, "बस, बाई. मीही रोज एकटाच जेवतो. आज आपण दोघे जेवू."

त्यांनी दोनच घोट द्राक्षारस ओतला आणि आशीर्वाद मागितला. भिवराबाई प्याली. उरलेला साहेबांनी पिऊन टाकला, कारण त्यातला थेंबही मागे ठेवायचा नसतो. पाहतात तो प्याल्यात रस तेवढाच! पुन्हा प्याले, पुन्हा तेवढाच!

साहेबांनी प्याला दोन्ही हातांनी वर धरला. "प्रभू, अजून कुणाची वाट पाहतोस?"

दारातून बापूंनी ते पाहिले, ऐकले. त्यांचा चेहरा उतरला. खाली मान घालून ते आत आले, भिवराबाईशेजारी गुडघे टेकले आणि तिने ओठ लावला होता तिथेच ओठ लावून प्याले. मागोमाग सारी मंडळी आली. शेवटचा माणूस प्याला, तेव्हा कुठे प्याला कोरडा झाला.

बापू साहेबांच्या पायांवर वाकले. साहेब बाजूला सरले आणि त्यांनी भिवराबाईकडे बोट केले.

तिने घाईने पाय पदराखाली ओढून घेतले. "शिवू नगा, बापू."

बापूंनी त्या पदरावरच डोके टेकले.