पुनाजीचा लेप

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका, मोजायला तेव्हा कोणी बसलं नव्हतं. खाडीच्या तोंडावरच्या कातळवाडीत पुनाजी नावाचा म्हातारा होता. होड्यांना लेप लावणं हा त्याचा धंदा. तोंडानं खाष्ट, हातानं सोनं.

लेप म्हणजे काय हे आता कोणाला सांगायची सोय नाही. जो तो त्याला रंगच म्हणतो. पुनाजीसमोर म्हणाला असतात तर चुन्याचाच हात गालावर उमटला असता. "भिंतीला देतात ती सफेदी," तो म्हणायचा. "जमिनीला सारवण. देवाला शेंदूर. लाकूड पितं ते तेल, फटीत बसतो तो लेप. आणि रंग? तो नुसता वर बसतो नि लोकांकडे बघतो!" चुना आणि माशाचं तेल तो तीन दिवस कुटायचा. तो लेप पाण्याखालीसुद्धा घट्ट व्हायचा, असं म्हणतात.

एका साली नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली आणि गणू तांडेलानं शहरातून रंगाचे डबे आणले. गणू होडीचा मालक. पलीकडच्या गावची होडी तांबडी-हिरवी झालेली, ते याला बघवेना.

"रंग मारला की झालं. तुझ्या कुटण्यासाठी कोण थांबतंय?"

"तांडेला, चार महिने होडी कोरड्यात पडलीय. फटी उघडल्यात. त्यावर रंग म्हणजे फाटक्या धोतरावर जरीचा फेटा."

"तुझं तोंडच फाटकं रे म्हाताऱ्या!" गणू म्हणाला आणि सगळी वाडी हसली.

पुनाजी हसला नाही. होडीवर अकरा गडी जाणार होते, त्यात त्याचा एकुलता एक जावई होता, काशा. लेक येसू रडत आली. "बाबा, तांडेलाशी गोड बोला. नाहीतर ह्यांना कामावरून काढेल."

"काढू दे. कामावरून गेला तर घरी तरी येईल."

पण काशाला काही काढलं नाही. पुनाजीनं मुकाट्यानं तीन दिवस चुना कुटला. नारळ वाहिला, होडी झळकत पाण्यात उतरली, आणि म्हातारा आपल्या लहानशा डोणीत लेपाचं मडकं घेऊन मागोमाग निघाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

खडकांच्या बाहेर गेल्यावर होडीच्या पोटातून पाणी यायला लागलं. रंग पापुद्र्यासारखा सुटला. काशा ओरडला, "मामा, बुडतो आम्ही!"

"ओरडू नको, पाणी उपस!" म्हणत पुनाजीनं मडक्यासकट उडी घेतली आणि थेट होडीच्या पोटाखाली गेला. एक फट भरली, दुसरी भरली, दहा भरल्या. मडकं रिकामं झालं आणि एक फट उरली. तिच्यावर त्यानं लेपानं माखलेला तळवा दाबून धरला. गड्यांनी होडी वळवली, वल्ही मारत किनाऱ्याला आणली. तेवढा सगळा वेळ म्हातारा खाली होता. कोणी म्हणतं, माशांनी त्याला श्वास दिला. कोणी म्हणतं, आपलं खरं झाल्याशिवाय मरायचंच नाही, असा हट्टी होता तो.

वाळूवर होडी कलती केली. अकराच्या अकरा गडी जिवंत. पुनाजी मात्र कुठंच नव्हता. होडीच्या पोटावर चुन्याचा हात होता, पाची बोटं उमटलेली, दगडासारखा घट्ट. येसूनं त्यावर गाल टेकला. मग गणू तांडेलानं पुढे होऊन आपला तळवा ठेवला, आणि पुढच्या साली चुना त्यानं स्वतः कुटला, असं म्हणतात.

आता कातळवाडीच्या होड्या फायबरच्या. त्यांना लेप लागत नाही. तरी नारळी पौर्णिमेच्या आधी मालक चुना-तेल कुटतो आणि होडीच्या पोटावर हाताचा ठसा उमटवतो. मग बाकी होडी रंगवतात, हात तसाच ठेवतात. एखादा नवखा रंगारी कुंचला घेऊन विचारतोच, "हा पांढरा रंग राहिलाय, यावरून फिरवू का?"

तेव्हा अख्खा किनारा ओरडतो, "तो रंग नाही!"