काजळ्याची बारव

कोळगीर गावाच्या वेशीबाहेर काजळ्याची बारव आहे. तिच्या पायऱ्या दोन मापांच्या. एक रांग माणसांची, दुसरी जेमतेम वीतभर उंचीची, कुत्र्याला सहज उतरता यावं अशी. पाहुणे बघून हसतात. मग त्यांना ही हकिगत ऐकावीच लागते.

फार मागे, असं सांगतात, लागोपाठ तीन वर्षं पाऊस फिरकला नाही. गावच्या एकुलत्या आडाने तळ दाखवला. पंचांनी ठरवलं, यापुढे पाणी फक्त माणसांना. अमावास्येपर्यंत ज्याने त्याने आपलं कुत्रं रानात सोडून यावं. लोकांनी डोळे पुसत सोडली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या हौसाक्काने मात्र साफ नकार दिला. तिच्या तापात सात दिवस उंबरा न सोडणारा काजळ्या, तेवढंच तिचं गणगोत उरलं होतं. आपल्या तांब्यातलं अर्धं पाणी ती त्याला पाजायची.

पाटील कडाडले, "माणसं तहानेनं मरत्यात, अन् तू कुत्र्याला पाजतीस?"

"माझ्या वाटणीचं पाजते. तुमच्या घागरीला हात लावला का?"

पण पंचांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अमावास्येला नऊ दिवस उरले होते.

जमिनीतलं पाणी हेरणाऱ्या पानाड्याने देवळामागे पाणी सांगितलं होतं. तिथे सारा गाव कोरडा मुरूम उपसत होता. हौसाक्काने वेगळंच पाहिलं होतं. भर उन्हात काजळ्या सावली सोडून वेशीबाहेर एकाच जागी माती उकरायचा आणि पोट टेकून पडायचा. तिने तिथे हात लावून पाहिला. माती गार होती. तिने कुदळ उचलली.

म्हातारीला चळ लागला, असं बाया म्हणाल्या. ती म्हणाली, "पाणी लागलं तर गावाचं. नाय लागलं तर ह्यो खड्डा आमा दोघांचा." तळहात सोलले, तिने लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. एकट्या बाईने एवढं कसं खणलं ते देव जाणे. नवव्या दिवशी कुदळ चिखलात रुतली आणि झरा फुटला म्हणे.

गाव घागरी घेऊन धावला, सर्वांत पुढे पाटील. हौसाक्का आडवी उभी राहिली. "आदी त्यो. जागा त्यानं दावली."

पाटलांनी घागर खाली ठेवली. काजळ्या पोटभर पिईपर्यंत गाव थांबला. त्या संध्याकाळी लोक रानात गेले आणि आपापल्या कुत्र्यांना नावाने हाका मारत फिरले. सगळी परतली नाहीत.

पुढे गावाने तिथे बारव बांधली, तेव्हा कुत्र्यांसाठीही पायऱ्या घडवल्या. आजही सकाळी एखादं कुत्रं पाणी पिऊन गेल्याशिवाय बारवेत घागर बुडत नाही. कधी कुत्री उशीर करतात, बाया ताटकळतात. नवी सून कुरकुरलीच, तर सासू म्हणते, "थांब जरा. मालक यायचं हाईत अजून."