हणमंताच्या गाडीचा विमा आणि बाळाचं जावळ

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. सहा एकोणीसपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

कोंढावळ गावात हणमंता नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती? कुणी 'जरा थांब' म्हटलं आणि विसरून घरी गेलं, तर हा संध्याकाळपर्यंत तिथंच उभा. बायको रेश्मा मात्र सतत काळजी करणारी. बाळ दोनदा शिंकलं की ती दवाखान्यात निघायची.

त्या दिवशी बाळाचं जावळ होतं. रेश्माच्या माहेरी, देवळासमोर, मामाच्या मांडीवर. मामा गोरख फौजेत. सुट्टी संपत आलेली, दुपारच्या गाडीने परत निघायचा. बाराच्या आत जावळ झालं तर झालं, नाहीतर मामा परत कधी येणार देव जाणे. म्हणून एसटीची भानगड नको, हणमंताच्या आईलाही घेऊन घरच्याच गाडीने जायचं ठरलं. गाडी जुनी, पण हणमंताला नवी.

निघायच्या आधी रेश्मा म्हणाली, "अहो, गाडीचा विमा काय काय भरतो, ते डुबल अण्णांना विचारून घ्या. लेकराला घेऊन जायचंय."

तेव्हा घड्याळात सहा वीस झाले होते.

विम्याचे एजंट डुबल अण्णा फोनवर म्हणाले, "हणमंतराव, तुमचा थर्ड पार्टी आहे. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरते. तुमच्या स्वतःच्या गाडीला साधा ओरखडा आला, तरी काही मिळत नाही."

"आलं ध्यानात," हणमंता म्हणाला.

हणमंताच्या ध्यानात आलं की रेश्माला धडकी भरायची.

पहिल्याच वळणावर कुत्रं आडवं आलं. डावीकडे बाभळ. उजवीकडे एका म्हातारीने बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या. सरळ ब्रेक दाबला असता तरी चाललं असतं. पण हणमंताने विचार केला. बाभळीला घासलं तर नुकसान आपलं. कुरडया तर दुसऱ्याच्या. त्याने गाडी सावकाश, नीट बघून, कुरडयांवर घातली.

म्हातारी लाटणं घेऊन बाहेर आली. "मुडद्या, डोळे फुटले का तुझे?"

"मावशी, घाबरू नका. तुम्ही दुसऱ्या आहात. तुमचं कंपनी भरते."

"कंपनी येऊन गहू भिजत घालणार व्हय रं? चीक कोण शिजवणार, तुझी कंपनी?"

रेश्माने हातापाया पडून म्हातारीला शांत केलं. पुढच्या वेळी सबंध दिवस कुरडया घालू लागायला येते म्हणाली. तोवर आठ वाजले. हणमंताने डुबल अण्णांना फोन लावला.

"अहो, मुद्दाम घालतात का गाडी?" अण्णा ओरडले. "ते चुकून झालं तर! असं करा, तुम्ही फुल इन्शुरन्सच घ्या. त्यात दुसऱ्याचंही येतं आणि स्वतःच्या गाडीचंही. आग, चोरी, अपघात, सगळं. गाडीचे चारी बाजूंनी फोटो पाठवा, करून टाकतो. आणि एक लक्षात ठेवा. काही झालं तर आधी हलवायचं नाही. चारी बाजूंनी फोटो काढायचे, नंबर दिसला पाहिजे. कंपनीचा माणूस बघून गेला की मग हलवायचं."

"आलं ध्यानात."

गाडीचे फोटो पाठवून निघाले आणि पुढं चहाच्या टपरीवर थांबले. हणमंताची आई, म्हणजे रेश्माच्या आत्याबाई, गाडीतून उतरल्या. टपरीवाल्याने ग्लास विसळून पाणी तिथंच ओतलेलं. आत्याबाई घसरल्या आणि बदकन बसल्या.

रेश्मा धावली. हणमंता ओरडला, "हलवू नको! आये, हलू नकोस!"

"अरं उठव मला!"

"कंपनीचा माणूस बघून जाईल, मग उठ." त्याने पुढून फोटो काढला. डावीकडून काढला. उजवीकडून काढला. मागून काढायला लागला तसा टपरीवाला म्हणाला, "भाऊ, पोस्टर छापायचंय का?"

"नंबर दिसंना," हणमंता म्हणाला. त्याने आईच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि तिच्या पोटावर उभं धरलं. "आये, हे जरा धर."

आत्याबाईंनी कार्ड धरलं नाही. हणमंताचा कान धरला. त्याच्याच आधाराने त्या उठल्या. पातळ मागून चिखलाने भरलेलं. साडेनऊ झाले.

डुबल अण्णा फोनवर म्हणाले, "अहो, ते गाडीचं सांगितलं होतं! माणसाला लागलं तर आधी उचलायचं, दवाखान्यात न्यायचं. माणसाचा विमा वेगळा असतो. तुमच्या पॉलिसीत तो फक्त मालकाला आहे, मालक स्वतः गाडी चालवत असेल तेव्हा. मागं बसणाऱ्यांचा जादा घ्यावा लागतो."

"म्हणजे जो स्टिअरिंगचं चाक धरतो त्याला मिळतो?"

"हां, तसंच समजा."

"आलं ध्यानात."

हणमंताने सगळ्यांना मागच्या सीटवरून खाली उतरवलं. "मागं बसून काय उपयोग? पुढं या. सगळ्यांनी चाक धरायचं."

आई त्याच्या शेजारी त्याच सीटवर कशीबशी कोंबून बसली. रेश्मा आधी नाही म्हणाली. मग तिला वाटलं, बाळाचा विमा होतोय तर होऊ दे. ती दारातून अर्धी आत वाकली आणि बाळाचा हात चाकाला लावला. बाळाने चाक चाटलं.

आता सगळ्यांचे हात चाकावर होते. किल्ली फिरवायला हात मोकळा नव्हता. पण विमा सगळ्यांचा झाला होता. तशीच ती मंडळी बसून राहिली.

एक ट्रॅक्टरवाला जाता जाता म्हणाला, "काय पाव्हणं, गाडी पळून जाईल म्हणून धरलीय का?"

रेश्मा एकदम भानावर आली. साडेदहा! "अहो, माझा भाऊ निघून जाईल!" ती रडकुंडीला आली. तिने बाळाला घेतलं, आत्याबाईंना मागं बसवलं आणि स्वतः फोन लावून हणमंताच्या कानाला लावला.

डुबल अण्णांचा आवाज बसला होता. "हणमंतराव, आता शेवटचं सांगतो. तुम्ही सावकाश चालवा. वर्षभर काही मागितलं नाहीत, तर पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते. तेव्हा काही मागू नका. एकदा मागितलं की सूट गेली. आणि मला फोन करू नका."

"आलं ध्यानात."

साडेअकराला ते देवळासमोर पोचले. रेश्माच्या जिवात जीव आला. गोरख मामा नवं धोतर नेसून, पाटावर मांडी घालून, तयार बसला होता. पलीकडे आणखी एका घरचं जावळ होतं. त्यांचाही मामा, त्यांचाही पाट. न्हावी तेवढा एकच.

आत्याबाईंचं पातळ बदलून द्यायला रेश्मा देवळामागं गेली. जाताना बाळ हणमंताकडं दिलं. "धरून उभे राहा. बाकी काही करू नका."

हणमंता धरून उभा राहिला.

तेवढ्यात पलीकडच्या घरची आजी आली. डोळ्याला जाड भिंगं. "आमचंच न्हवं हे पोर? आण बाबा इकडं, न्हावी खोळंबलाय." आणि तिने बाळ उचललं.

हणमंताला बाळ परत मागावंसं फार वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. मग त्याने ते मिटलं.

बाळ परक्या मामाच्या मांडीवर बसलं. न्हाव्याने वस्तरा काढला. जावळ भराभर उतरलं, डोकं लिंबासारखं चकचकीत झालं. तेवढ्यात त्या घरची सून आली. तिच्या कडेवर तिचं बाळ होतं.

"आत्याबाई, आपलं पोर तर माझ्याजवळ आहे!"

"मग हे कुणाचं?" आजीने तीनदा ओरडून विचारलं.

सगळे इकडं तिकडं बघायला लागले. हणमंतासुद्धा बघायला लागला.

रेश्मा पळत आली. गोरख मामाची मांडी अजून रिकामीच होती. "अहो, बाळ कुठाय?"

"ते काय, त्या मामाच्या मांडीवर."

"तो कुठला मामा?"

"काय ठाऊक."

"अहो, मग परत मागायचं ना!"

हणमंताने तिला बाजूला घेतलं. हळूच म्हणाला, "ओरडू नकोस. त्यांनी तीनदा विचारलं कुणाचं म्हणून. मी एकदासुद्धा मागितलं नाही. पुढच्या वर्षीची सूट पक्की!"

तर बायांनो, तुमच्या ओळखीत कुणी गाडी घेतली असेल, तर त्याला सांगा की विमा नीट समजून घे. आणि त्याच्या बायकोलाही आठवणीने सांगा, की बाळ तेवढं तुझ्याजवळच ठेव.