काळीजधोंडा

सोनखडीच्या वेशीबाहेर एक सपाट काळा धोंडा आहे. मधोमध तांबडा डाग. बाहेरून येणारी जोडपी त्यावर बसून, बोटांचा बदाम करून फोटो काढतात. काढू देत. याला काळीजधोंडा का म्हणतात ते गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं, तर बूड टेकायची नाहीत.

असे सांगतात, की गोऱ्यांच्या राज्यात जमीन मोजायला एक साहेब आला. वेशीबाहेर तंबू ठोकला. गावातली कोंडाई, नवरा मेलेली, शेळ्या राखायची आणि तंबूवर दूध घालायची. साहेबाचा म्हणे तिच्यावर जीव जडला. दूध काय प्यायला, जीवच जडला!

त्यांच्या भाषेत जीव जडला की 'हिने माझं काळीज चोरलं' असं म्हणायची रीत. साहेब दारूच्या भरात चारचौघांत तसं बोलला. त्याचा दुभाषा तात्याबा कारकून, इंग्रजी येतं म्हणून छाती काढून चालणारा. त्याने शब्दाला शब्द लावून गावाला सांगितलं, "कोंडाईनं साहेबाचं काळीज चोरलं."

गावाला तेवढंच हवं होतं. काळीज कोण चोरतं? चेटकीण! कुणाचं पोर तापलं होतं, कुणाची म्हैस आटली होती, सगळं तिच्याच माथी. पाटलाने चावडीवर बजावलं, "कोंडे, बाजाराच्या दिवसापर्यंत काळीज परत कर. नाहीतर डोकं भादरून हाकलू."

कोंडाई तंबूवर गेली. "साहेब, मी काही घेतलं नाही, एवढं गावाला सांगा."

साहेबाला वाटलं, बाई लाजते. छातीवर हात ठेवून तो हसला आणि पुन्हा तेच बोलला. त्याला हसायला काय जातंय? डोकं थोडंच त्याचं भादरणार होते?

परतताना तिला कळून चुकलं, की न घेतलेलं परत दिल्याशिवाय सुटका नाही. दारात बोकड होता, चांद्या. बाटलीने दूध पाजून वाढवलेला. तिची चाहूल लागताच तो ओरडला. तिने त्याला पोटाशी धरलं. बाजाराच्या दिवशी पहाटे सुरी घेतली.

सकाळी सगळ्या गावादेखत तिने त्याचं ऊन काळीज या धोंड्यावर ठेवलं.

"साहेब, हे तुमचं. पोचलं म्हणा."

साहेब पांढराफटक. तोंडावर रुमाल.

"तात्याबा, विचार त्याला. पोचलं का नाही?"

"पोचलं, पोचलं," साहेब मराठीतच बोलला म्हणे.

"पाटील, ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग आता माझा चांद्या कोण आणून देतं?"

साहेबाचा तंबू दुपारच्या आत हलला. डाग मात्र कुठल्याच पावसाने गेला नाही.

आजही सोनखडीत कुणी बाप्या गोड आवाजात "तुझ्यासाठी काळीज काढून देईन" म्हणाला, की पोरी वेशीकडे बोट करतात.

"धोंड्यावर ठेव."

चांद्यानंतर तिथे कुणी काही ठेवलेलं नाही.