काळ्या कोंबडीची तेरा अंडी

जंगल जिथे संपते आणि माणसांची वस्ती जिथे सुरू होते, तिथे करवंदीच्या कुंपणाआड सगुणाबाईंचे परसू होते, आणि त्या परसात एक काळी कोंबडी राहत असे. तिच्या सोबतीला एक ठिपकेदार कोंबडी होती आणि दोघींवर रुबाब करायला एक कोंबडा. ही तिघे सगुणाबाईंनी बहिणीच्या गावाहून करंडीत घालून आणली होती. आणल्यावर पहिले आठ दिवस त्यांनी खुराड्याचे दार उघडलेच नाही. आतच दाणा, आतच पाणी. नवव्या दिवशी दार उघडले तेव्हा तिघे दिवसभर परसात हिंडली आणि ऊन उतरताच आपणहून खुराड्यात परतली. आपले घर कोणते, हे त्यांना कळले होते. कोंबड्या पाळण्याचा पहिला धडा सगुणाबाईंनी असा बिनचूक गिरवला. दुसरा धडा त्यांना काळ्या कोंबडीकडून मिळायचा होता, आणि तो इतका सहज मिळणार नव्हता.

काळी कोंबडी कोणाच्या फारशी मर्जीतली नव्हती. दाणे पडले की ठिपकेदार कोंबडी पंख पसरून धावत जाई. काळी मात्र मान तिरपी करून आधी पाही, एक दाणा टोचून बघे आणि मगच खाई.

"एवढं काय निरखतेस?" ठिपकेदार विचारी. "आजवर कधी खडा निघाला का?"

"नाही निघाला," काळी म्हणे. "पण तो निघण्याआधी मला सांगून येणार आहे का?"

कुंपणावर बसणाऱ्या कावळ्याला या उत्तराची फार मौज वाटे. तो म्हणे, "ठिपके, तिच्या नादी लागू नकोस. ही सूर्यालासुद्धा उगवल्याची खूण मागेल."

मुलांनो, थंडीच्या दिवसांत असे झाले की दोन्ही कोंबड्या एकाच आठवड्यात खुडूक झाल्या. खुडूक झालेली कोंबडी अंडी देणे थांबवते आणि ती उबवायला बसण्याचा ध्यास घेते. अंग फुगवून ती कोपरा धरते आणि जवळ येणाऱ्यावर गुरकावते. सगुणाबाईंना याचा आनंदच झाला. महिन्याभराने त्यांचे जावई यायचे होते, आणि तोवर परसू पिलांनी भरून दाखवीन, असे त्या वाडीभर सांगून बसल्या होत्या. त्यांनी घराघरांतून ताजी अंडी मागून आणली, त्यांत आपल्या कोंबड्यांची मिसळली, दोन टोपल्यांत भाताचे तूस पसरले आणि प्रत्येक टोपलीत एकवीस अंडी मांडली.

"एकवीस?" कोंबडा छाती काढून म्हणाला. "दोघींची मिळून बेचाळीस. माझा वंश आता जंगलापर्यंत जाणार."

"कोंबडेराव, त्यांतली तुमची किती?" कावळ्याने विचारले. "निम्मी तर शेजारच्या शेवंताकाकूंच्या कोंबड्याची दिसतात."

कोंबड्याने तुरा झटकला.

ठिपकेदार कोंबडी टोपलीत शिरली आणि चटईसारखी पसरून बसली. काळीही बसली, पण तिची बसण्याची रीत निराळी होती. खुडूक झालेल्या कोंबडीच्या पोटाखालची पिसे गळून तिथली कातडी उघडी पडते, आणि अंड्याला खरी ऊब त्या उघड्या कातडीचीच मिळते. काळीने एकेक अंडे चोचीने ओढून पोटाखाली घेतले, अंग हलवून पाहिले, पुन्हा ओढले. तेरा अंडी कातडीला टेकली. चौदावे काही केल्या टेकेना. ते आत घेतले की दुसऱ्या बाजूने एक बाहेर येई. तिने दिवसभर खटपट केली. अखेर ती उठली आणि आठ अंडी हळूच टोपलीच्या काठावरून खालच्या तुसात उतरवून ठेवली. ती आठही काठाकडची होती. त्यांतल्या दोन अंड्यांवर तांबूस ठिपका होता, म्हणजे ती तिची स्वतःची होती. त्या दोन अंड्यांपाशी ती क्षणभर थांबली. मग वळून टोपलीत जाऊन बसली.

ठिपकेदार हे पाहत होती. "अगं, काय केलंस हे? असू दे की काठाला. तेवढीच आठ जास्त."

"काठाला राहिली असती तर ठेवली असती," काळी म्हणाली. "पण अंडी जागच्या जागी राहत नाहीत. दिवसातून चार वेळा ती फिरवावी लागतात, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. फिरवलं की काठाचं आत येतं आणि आतलं काठाला जातं. आज आठ गारठतील, उद्या दुसरी आठ. पाच दिवसांत एकही अंडं गारठल्यावाचून राहणार नाही."

"पण मालकिणीने एकवीस दिली. नको कसं म्हणायचं?"

"तिला खूश करायचं असतं तर मी नको म्हटलंच नसतं. मला पिल्लं काढायची आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाईंनी आठ अंडी खाली पाहिली आणि कपाळाला हात लावला. त्यांनी ती उचलून परत टोपलीत ठेवली. दुपारी ती पुन्हा खाली होती. तिसऱ्या दिवशीही तेच झाले, आणि त्या ओढाताणीत सगुणाबाईंच्याच हातून एक अंडे निसटून फुटले.

"काय गं भवाने," त्या काळीवर खेकसल्या, "लोकांच्या दारोदार फिरून आणली मी ही अंडी. तुला ती जड झाली होय?"

शेजारच्या शेवंताकाकू कुंपणापलीकडून सारे पाहत होत्या. "सगुणा, अंडी टाकणारी कोंबडी कधी धड आई व्हायची नाही बघ. जावई येतायत ना? घाल हिलाच हंडीत. वडे करायला मी येते."

"एकवीस दिवस होऊ देत, काकू," सगुणाबाई म्हणाल्या. "बाविसाव्या दिवशी ते येतायत. हिच्या टोपलीत काही हललं तर ठीक, नाहीतर रस्सा हिचाच."

उरलेली सात अंडी त्यांनी ठिपकेदार कोंबडीच्या टोपलीत सरकवली. ठिपकेदारने एक पंख उचलला, मग दुसरा उचलला आणि अठ्ठावीस अंड्यांवर ताणून बसली. सगुणाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "ही माझी गुणाची."

काळीने ते ऐकले. रस्सा म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. बहिणीच्या गावी तिने तो शिजताना पाहिला होता.

कावळा खाली उतरला आणि टोपलीजवळ आला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा कमी होती. "काळे, शहाणपणा पुरे. पसर पंख आणि घे सगळी पोटाशी. निदान एकवीस दिवस तरी तुला कोणी बोलणार नाही."

"आणि एकविसाव्या दिवशी?"

"तेव्हाचं तेव्हा."

"तू पसर," काळी म्हणाली. "मला एकविसावा दिवस आजपासूनच बघायचा आहे."

त्यानंतर दिवसातून एकदा उठायचे, दाणा टिपायचा, पाणी प्यायचे, राखेत अंग घोळायचे आणि तुळशीवृंदावनाची सावली पायरीवरून खाली सरकण्याआधी परत येऊन बसायचे, हा तिचा नेम होता. दिवसातून चारदा प्रत्येक अंडे चोचीने फिरवायचे. आणि फिरवताना तेराही कातडीला टेकली आहेत ना, हे पाहायचे. एकदा ओटीवर सगुणाबाईंनी नाचणी वाळत घातली आणि वाऱ्याने तिचा सडा अंगणभर पडला. कोंबड्याने साद घातली, कावळ्यानेही घातली. काळीची मान त्या दिशेने वळली, पण अंग हलले नाही. तिचा तुरा फिका पडला, वजन उतरले. शेवंताकाकू येता-जाता तिच्याकडे पाहत आणि म्हणत, "रश्शालाही पुरायची नाही आता ही."

तिकडे ठिपकेदारची तारांबळ चालली होती. डावीकडची झाकावीत तर उजवीकडची उघडी पडत. पहाटेच्या दवात उघडी अंडी थंडगार होत, ती आत ओढली की आतली बाहेर जात. ती कधी नीट खायला उठली नाही, कधी डोळाभर झोपली नाही. तिच्या मेहनतीत खोट काढावी अशी एकही गोष्ट नव्हती. ती काळीपेक्षा जास्त दमत होती, एवढे मात्र कोणाच्याही लक्षात आले नाही.

एकोणिसावा दिवस उजाडला. काळीने टोपलीत कान लावला. काहीच ऐकू आले नाही. संशय घेणे तिच्या स्वभावात होते, आणि त्या दिवशी तिने तो स्वतःवर घेतला. 'माझं मोजणं चुकलं असेल तर? ती आठ अंडी मी उगाच घालवली असली तर? त्यांत माझी दोन होती.' हे विचार तिने मनात दडपले नाहीत. तिने पुन्हा एकेक अंडे पोटाखाली ओढून पाहिले. तेरा टेकत होती. चौदाव्याला जागा तेव्हाही नव्हती आणि आताही नव्हती. मोजणे बरोबर होते. उरला होता तो फक्त धीर. ती बसून राहिली.

विसाव्या दिवशी दुपारी एका अंड्याच्या आतून टोचल्यासारखा बारीक आवाज आला. मग दुसऱ्यातून. काळीने घशातल्या घशात एक आवाज काढला. असा आवाज तिने याआधी कधीच काढला नव्हता आणि तो तिला कोणी शिकवलाही नव्हता. आतून त्याला उत्तर आले.

एकविसाव्या दिवशी सकाळी सगुणाबाई कोंबडी कोंडायचे डालगे घेऊनच आल्या. समोरून पाहता टोपलीत काही हालचाल दिसत नव्हती. काळी होती तशीच फुगून बसली होती. मागे शेवंताकाकू कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. कोंबडा कुठे तरी दडला होता. कारण हंडीचा विषय निघाला की ती कोणाला लाभेल याचा नेम नसतो, एवढे व्यवहारज्ञान त्याला होते.

सगुणाबाईंनी काळीला उचलण्यासाठी पंखाखाली हात घातला. त्यांच्या बोटाला टुचकन काही तरी टोचले. त्यांनी हात मागे घेतला. पंखाच्या फटीतून एक ओले, पिवळे डोके बाहेर आले आणि त्याने सगुणाबाईंकडे रोखून पाहिले. मग छातीखालून एक आले, शेपटीखालून दोन. दुपारपर्यंत मोजदाद पूर्ण झाली. तेरांतल्या एका अंड्यात बीज धरलेच नव्हते. उरलेल्या बारांतून बारा पिल्ले निघाली होती, आणि बाराही आपल्या पायांवर उभी होती.

"काकू," सगुणाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हिने आठ अंडी टाकली नव्हती. हिला तेरा पुरत होती, तेवढी ठेवली होती."

शेवंताकाकूंनी पदर सोडला. "मग त्या दुसरीच्या टोपलीत तर अठ्ठावीस आहेत," त्या म्हणाल्या, आणि बोलता-बोलता दोघींनीही त्या टोपलीकडे पाहिले.

तिथे सामसूम होती. सगुणाबाईंनी एक अंडे उचलून कानाशी हलवले. आत पाणी डचमळले. आणखी दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. अठ्ठावीस अंड्यांतून एकही पिल्लू निघाले नाही. ठिपकेदार कोंबडी टोपलीतून उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि दाणे टाकले तरी वळली नाही.

काळी आपल्या बारा पिलांसह तिच्याजवळ गेली. कावळ्याने मान पुढे केली. आता टोमणा ऐकायला मिळणार, अशी त्याची खात्री होती.

"चार तू घे," काळी म्हणाली.

ठिपकेदारने वळून पाहिले. "माझ्यावर दया करतेस?"

"नाही. मी मोजते आहे. अंडी होती तेवढीच राहतात, पिल्लं वाढतात. आठ दिवसांनी बारा माझ्या पंखाखाली मावणार नाहीत. आठ मावतील. तुझे पंख रिकामे आहेत आणि बसायची हौस तुला माझ्यापेक्षा जास्त आहे."

ठिपकेदार सावकाश खाली बसली. चार पिलांनी थोडा वेळ विचार केला आणि ऊब दिसली तिथे ती शिरली.

"पुढच्या वेळी किती घेऊ?" काही वेळाने तिने विचारले.

"ते मालकिणीला नको विचारूस, कोंबड्याला तर नकोच. पोटाच्या कातडीला विचार."

"खूण मागतेस म्हणून मी तुला हसत आलो," कावळा कुंपणावरून म्हणाला. "आता बारा खुणा माझ्या समोरच दाणे टिपतायत. माझं काही म्हणणं नाही."

बोलल्याप्रमाणे जावई बाविसाव्या दिवशीच आले होते. त्यांच्या पानात काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे पडले. ते उसळीला नावे ठेवणार, तोच एक पिल्लू त्यांच्या पायाच्या बोटाला टोचून गेले आणि ते हसायला लागले. कोंबडा तिसऱ्या प्रहरी, जेवणे आटोपल्याची खात्री करून मगच आरवला.

सगुणाबाईंनी तेव्हापासून कोणत्याही कोंबडीखाली तिला झाकता येतील त्याहून एकही अंडे जास्त ठेवले नाही. ठिपकेदारने पुढच्या खेपेला अकरा अंडी घेतली आणि दहा पिल्ले काढली. पहिल्या पिलांतल्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, मोठ्या होऊन बसायला लागल्या. कोणी बारांवर बसली, कोणी नवांवर. खुराडे अपुरे पडले, तेव्हा आधी दुसरे बांधले गेले आणि मग पुढची अंडी मांडली गेली. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत जावई आले तेव्हा परसात पन्नासाहून अधिक कोंबड्या होत्या. शेवंताकाकू आपली खुडूक कोंबडी टोपलीत घेऊन कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "सगुणा, किती अंडी घालू गं हिच्याखाली?"

सगुणाबाईंनी काळ्या कोंबडीकडे बोट दाखवले. ती राखेत अंग घोळत होती. तिने मान तिरपी करून शेवंताकाकूंकडे पाहिले, त्यांनी टाकलेला दाणा एकदा टोचून बघितला आणि मगच खाल्ला.

तात्पर्य : आपल्या पंखाखाली किती मावेल, हे जो नेमके मोजतो आणि त्याहून अधिकाला निर्भयपणे नकार देतो, त्याचेच घर भरते, सगळ्यांनाच होकार देणारा शेवटी एकालाही ऊब देऊ शकत नाही.